दिव्यामागची नोंदवही

रात्रीच्या अंधारात हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी करुणामूर्ती, हीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रतिमा जनमानसात रुजली आहे. रुग्णालयात जे घडते ते लिहून ठेवण्याचा आणि वरिष्ठांपर्यंत पोहोचवण्याचा त्यांचा आग्रह मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुग्णसेवेचे काम तेव्हा प्रतिष्ठेचे मानले जात नसे. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी जर्मनीतील कैझर्सवर्थ येथे प्रशिक्षण घेतले. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तुंबलेली गटारे, कोंदट हवा आणि साधनांचा तुटवडा असे तेथील चित्र होते. लष्करी डॉक्टरांना त्यांचे येणे रुचले नव्हते. तरीही तेथील उणिवा त्यांनी युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांना पत्रांतून सातत्याने कळवल्या. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग आला, गटारे साफ झाली आणि मृत्युदर झपाट्याने घटला.

मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्यांनी मृत्यूंचा हिशेब मांडला. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनीच अधिक सैनिक दगावले होते. १८५८ मध्ये रंगीत आकृत्यांद्वारे त्यांनी हे सत्य राज्यकर्त्यांपुढे ठेवले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

परिचारिकांच्या जिवाचीही त्यांना तितकीच काळजी होती. रुग्णालयांविषयीच्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत त्यांनी लंडनमधील परिचारिकांच्या मृत्यूंचे तक्ते दिले आणि संसर्गाने जाणारे त्यांचे बळी उजेडात आणले. किंग्ज कॉलेज रुग्णालयातील प्रसूतिकक्ष त्यांच्याच निधीच्या साह्याने सुरू झाला होता. तेथे बाळंतज्वराने माता दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद झाला. ते अपयश झाकून न ठेवता त्यांनी १८७१ मध्ये त्यावर आकडेवारीसह पुस्तक लिहिले.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. तथापि येथील आरोग्यस्थितीचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. वॉर्डात नातेवाइकांची शिवीगाळ, धक्काबुक्की, हाताला टोचलेली सुई अशा प्रसंगांत नोकरीच्या धास्तीने किंवा संकोचाने गप्प राहणाऱ्या परिचारिका आजही आहेत. रुग्णालयांतील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० मध्ये कायदा झाला. त्यानुसार परिचारिकेवरील हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरला. मात्र तक्रारच झाली नाही, तर कायद्याचे हात बांधलेलेच राहतात. नाइटिंगेल यांचे स्मरण करताना दिव्याबरोबर त्यांची नोंदवहीही पुढे यायला हवी. ती भरणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी उभे राहणे ही रुग्णालय प्रशासनाची जबाबदारी आहे.