गोविंद बल्लाळ देवल : प्रेम, संशय आणि हास्य

मागील घटकात आपण अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' या नाटकांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्यांच्याच एका शिष्याचे चरित्र आपणांस पाहावयाचे आहे. या शिष्याच्या नावावर एकूण सात नाटके आहेत आणि त्यांपैकी केवळ एकाचे कथानक स्वतंत्र आहे. एवढ्यावरून त्याची योग्यता ठरवू लागाल तर फसाल.

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळील हरिपूर येथे झाला. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हे गाव. त्यापूर्वी बाराच वर्षे, १८४३ मध्ये, सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले होते. म्हणजे मराठी नाटक आणि देवल एकाच मुलखात, थोड्या अंतराने जन्मले. बेळगावला शिकत असताना त्यांना किर्लोस्कर शिक्षक म्हणून लाभले. हा योग निर्णायक ठरला. देवलांनीही पुढे काही काळ शिक्षकी केली आणि नाटक मंडळीत आल्यावरही त्यांच्यातला शिक्षक सुटला नाही. नटांना वाक्य कसे टाकावे, कोठे थांबावे, पदातील शब्द सुरात न बुडवता कसा उच्चारावा, हे शिकविणारे तालीममास्तर म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांची नाटके वाचताना हे ध्यानात ठेवा. त्यांचे संवाद आधी कानाने ऐकलेले आणि मग कागदावर उतरलेले वाटतात.

'दुर्गा' हे त्यांचे पहिले नाटक इंग्रजी नाटककार साउदर्नच्या शोकान्तिकेवर आधारलेले होते. 'विक्रमोर्वशीय' कालिदासाचे, 'शापसंभ्रम' बाणाच्या 'कादंबरी'वरून घेतलेले. यांविषयी येथे विस्तार करण्याचे कारण नाही. 'मृच्छकटिका'पाशी मात्र थांबले पाहिजे. शूद्रकाचे दहा अंकी प्रकरण देवलांनी आटोपशीर केले आणि दरिद्री चारुदत्त व गणिका वसंतसेना यांची प्रीती मराठी प्रेक्षकाच्या घरातली करून सोडली. त्या नाटकातला शकार आठवा. तो मूर्ख आहे, पुराणातले संदर्भ उलटेपालटे करून बोलतो, प्रेक्षक हसतो. आणि हाच मनुष्य पुढे वसंतसेनेचा गळा आवळतो. हसवणारा माणूस निरुपद्रवी असतोच असे नाही, हा धडा देवलांनी बहुधा येथेच गिरवला असावा, कारण पुढे त्याचा त्यांनी मोठा उपयोग केला.

१८९० मध्ये आलेला 'झुंझारराव' हा शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा अवतार. एक हातरुमाल, एका दुष्टाची कुजबुज आणि पत्नीवरील संशयाने आंधळा झालेला शूर पुरुष यांतून सर्वनाश ओढवतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य प्रहसन लिहिले. तेथेही संशयच आहे. रुमालाच्या जागी तसबीर आली आहे, एवढेच. या दोन नाटकांच्या सान्निध्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे मत आहे. एकच विकार एका लेखणीने आधी रडवून आणि मग हसवून दाखवला, हा योगायोग मानणे कठीण आहे.

या दोहोंच्या मध्यंतरी नव्हे, तर नंतर, १३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने इंदूर येथे 'शारदा'चा पहिला प्रयोग केला. हेच ते स्वतंत्र कथानकाचे नाटक. पंचाहत्तरी गाठलेला श्रीमंत भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढू पाहतो, भद्रेश्वर दलाली करतो आणि कांचनभट पैशाच्या लोभाने आपली अल्पवयीन मुलगी शारदा त्याला द्यावयास निघतो. कन्याविक्रय आणि जरठकुमारीविवाह ही त्या काळी कल्पनेतली संकटे नव्हती; प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या आळीत ती घडत होती. भुजंगनाथाची तरुण दिसण्याची धडपड पाहून प्रेक्षक पोट धरून हसे आणि दुसऱ्याच क्षणी शारदेच्या तोंडचे पद ऐकून गप्प होई. आपण कोणाला हसलो, हा प्रश्न त्याला बोचत असला पाहिजे. शकाराचा धडा येथे उपयोगी पडला, तो असा.

'शारदा'वरील एक आक्षेप तुम्हांस ठाऊक असावा. ते लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे; वर म्हातारा आहे म्हणून नव्हे. पुढे नदीत जीव द्यायला निघालेल्या शारदेला कोदंड वाचवतो आणि त्यांच्या विवाहाला शंकराचार्यांची संमती मिळवावी लागते. सुधारणेचे नाटक शेवटी शास्त्राच्याच आधाराने सुटते, हे खरे. तथापि शास्त्राखेरीज दुसऱ्या कशाने त्या समाजात असे लग्न थांबले असते, हेही स्वतःला विचारून पाहा. (जाता जाता एक खुलासा : १९२९ चा बालविवाहप्रतिबंधक कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून, या नाटकावरून नव्हे. उत्तरपत्रिकांत ही गफलत होण्याचा संभव असतो.)

देवलांची पदरचना साधी आहे. साकी, दिंडी, अंजनीगीत अशा परिचित चालींत घरगुती शब्द बसविण्याची त्यांची हातोटी पाहता, संस्कृत समासांचा सोस असलेल्या समकालीनांहून ते वेगळे उठून दिसतात.

अखेरच्या काळात गंधर्व नाटक मंडळीसाठी ते आपल्या जुन्या प्रहसनाकडे वळले. 'फाल्गुनराव'मध्ये पदे घालून त्यांनी 'संशयकल्लोळ' सिद्ध केले. मूळ कथा मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० मधील 'स्गानारेल'ची. ती आर्थर मर्फी या इंग्रजी लेखकाच्या १७६१ मधील नाटकातून देवलांपर्यंत पोहोचली. रेवती रस्त्यात मूर्च्छित होते, फाल्गुनराव तिला सावरतो, हे कृत्तिका खिडकीतून पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती निरखीत असताना फाल्गुनराव तिला पाहतो; आणि पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती पाहून अश्विनशेठ रेवतीवर रुसतो. कोणीही खोटे बोलत नाही, प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलेच आहे, तरी प्रत्येकजण चुकतो. पुरुषपात्रांना महिन्यांची आणि स्त्रीपात्रांना नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी या परक्या कथेला आपले पंचांगच जोडून दिले.

पण देवलांची खरी भर निराळी आहे. मोलिएरची नायिका एका प्रतिष्ठित गृहस्थाची मुलगी. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. त्यामुळे अश्विनशेठच्या संशयाला एक क्रूर धार येते. फाल्गुनरावाच्या संशयाने कृत्तिकेचा संसार कुरकुरेल, मोडणार नाही. रेवतीला मात्र एका गैरसमजाने गृहिणी होण्याची एकमेव वाट बंद होऊ शकते. तिचा राग आणि मानीपणा या दृष्टीने वाचा. वसंतसेनेचीच ही धाकटी बहीण.

१४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. 'संगीत संशयकल्लोळ'चा पहिला प्रयोग त्याच वर्षी २० ऑक्टोबरला झाला. रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि फाल्गुनरावाच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते. नाटककाराला तो पाहता आला नाही.

आता नाटकाचा पहिला अंक वाचावयास घ्या. तसबीर कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते आणि त्या त्या क्षणी कोण कोठून पाहत असते, याची नोंद वहीत करीत चला.