रमाबाई रानडे यांचा इंग्रजीचा अभ्यास

1873 साली माधवराव रानडे यांच्याशी विवाह होऊन रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी स्वतः त्यांना धुळाक्षरांपासून शिकविण्यास आरंभ केला. मराठी वाचन-लेखन चांगले अंगवळणी पडल्यावरच इंग्रजी हाती घेतले गेले. हा क्रम सोयीचा म्हणून नव्हे, तर योग्य म्हणून ध्यानात घ्यावा असा आहे. कर्ता, कर्म, क्रियापद यांचे नाते आपल्या भाषेत उमगलेले असेल, तर इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी का येते, हे निदान विचारता तरी येते. मराठीत ज्यांना जागाच नाही त्या ‘ए’, ‘अॅन’, ‘द’ या उपपदांचा प्रश्न मात्र वेगळा. तेथे रोजच्या सरावावाचून गत्यंतर नसते.

हा सराव रमाबाईंना सुखासुखी लाभला नाही. पुढे मिस हरफर्ड नावाच्या बाई त्यांना इंग्रजी शिकविण्यास घरी येऊ लागल्या. परधर्मीय बाईंचा स्पर्श विटाळ मानला जाई. त्यामुळे धडा संपताच स्नान केल्यावाचून रमाबाईंना घरात वावरता येत नसे. मराठी शिकणे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी कसेबसे सोसले होते. इंग्रजीने त्यांचा संताप अनावर झाला. टोमणे, अबोला, कामातून वगळणे असे सारे झाले. उलट उत्तर देऊ नये, अभ्यासही सोडू नये, असा माधवरावांचा आग्रह होता. न्यायाधीशाच्या पदावर बसलेल्या पतीने घरात याहून ठाम भूमिका घ्यावयास हवी होती, असे आज वाटल्यावाचून राहत नाही. सोसण्याचा सारा भार त्या कोवळ्या मुलीवर पडला.

पुण्यातील एका सभेत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांसमोर मुलींच्या हायस्कूलची मागणी करणारे निवेदन रमाबाईंनी इंग्रजीतून वाचले. मसुदा माधवरावांचा होता, वाणी त्यांची. घरी परतल्यावर कौतुकाऐवजी बोलणीच ऐकावी लागली. 1884 मध्ये ते हायस्कूल सुरू झाले आणि हुजूरपागा या नावाने पुढे सर्वश्रुत झाले.

1901 मध्ये माधवराव निवर्तले. त्यानंतर रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनास वाहून घेतले. स्वतःच्या संसाराची हकीकत त्यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केली, ती मराठीत. तिचे इंग्रजी भाषांतर पुष्कळ वर्षांनी कुसुमावती देशपांडे यांनी केले.