१८९७ चा रमजान आणि सावित्रीबाईंची शुश्रूषा

१८९७ साली रमजानचा चाँद फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिसला. आदल्या वर्षी मुंबईत शिरलेला प्लेग तोवर पुण्यात पोहोचला होता. त्याच आठवड्यात, ४ फेब्रुवारीला, सरकारने साथरोग कायदा केला. तो अवघ्या चार कलमांचा होता. प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि रोग्यांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असे संरक्षणही मिळाले. रोग्याच्या उशाशी कोणी बसायचे आणि त्याची देखभाल कशी करायची, याबद्दल मात्र त्यात एक शब्द नव्हता.

ते काम पुण्याबाहेर हडपसरजवळच्या माळरानावर ६६ वर्षांच्या एक बाई करत होत्या. त्यांचे नाव सावित्रीबाई फुले.

शिक्षिका म्हणून सावित्रीबाई घराघरांत माहीत आहेत. ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावात त्यांचा जन्म झाला. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांना व जोतिरावांना घर सोडावे लागले. तेव्हा गंज पेठेतील उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. त्याच घरातील फातिमा शेख पुढे शाळेच्या कामात सावित्रीबाईंच्या सोबत उभ्या राहिल्या. इथवरचा इतिहास शाळेच्या पुस्तकात येतो. पण आज रुग्णालयात पांढऱ्या पोशाखात वावरणाऱ्या परिचारिकेला जे नियम पाळावे लागतात, त्यांतले काही सावित्रीबाईंनी कोणताही कायदा नसताना पाळून दाखवले. ती बाजू कमी सांगितली जाते.

१८६३ च्या सुमारास पुण्यात काशीबाई नावाची एक तरुण विधवा फसवली गेली. मूल झाले, तेव्हा बदनामीच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायद्याने आपले काम केले होते, पण अशी दुसरी बाई कुठे जाईल, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. फुले दांपत्याने आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. भिंतींवर जाहिराती लावल्या. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांनीच ठरवावे, असा त्यांचा आशय होता. पुढच्या वीसएक वर्षांत पस्तीस जणी तिथे येऊन गेल्या. त्यांची बाळंतपणे आणि मागे राहिलेल्या मुलांचे संगोपन सावित्रीबाईंनी पाहिले. त्यातलाच एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत.

त्या घराचा सगळा भार एका गोष्टीवर होता. आत आलेल्या बाईचे नाव बाहेर जाणार नाही, हा भरवसा. एकदा जरी नाव फुटले असते, तरी दुसरी बाई त्या दारात आली नसती आणि पुन्हा विहिरीकडेच गेली असती. दुसऱ्याच्या उणिवेवर पांघरूण घालण्याला इस्लाममध्ये मोठे पुण्य मानले आहे. रुग्णसेवेत तेच पांघरूण कर्तव्य ठरते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा आज परिचारिकेच्या आचारसंहितेचा भाग आहे.

गुप्तता म्हणजे कायद्यापासून लपवाछपवी नव्हे, हेही आजचा कायदा सांगतो. मूल सांभाळणे शक्य नसलेली आई बाल न्याय कायदा २०१५ नुसार बालकल्याण समितीसमोर मूल सोपवू शकते आणि तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. टाकून दिलेले मूल रुग्णालयाच्या ताब्यात आले, तर चोवीस तासांत कळवावे लागते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे. मात्र तिची ओळख चव्हाट्यावर आणता येत नाही. फुल्यांच्या घराने जी वाट पाडली, ती कायद्यात यायला दीडशे वर्षे लागली.

जोतिराव १८९० मध्ये गेले. यशवंत डॉक्टर होऊन लष्करी सेवेत होता. प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेर पळू नये, ही पैगंबरांची शिकवण मुस्लिम घरांत सर्वांना ठाऊक असते. हा दवाखानाही वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत होता. नुसत्या दयेच्या भरात केलेले ते काम नव्हते. उपचार शिकलेल्या डॉक्टरच्या हाती होते, आणि रोगी आणणे व त्याची शुश्रूषा करणे सावित्रीबाईंकडे.

इथे दुसरा नियम दिसतो. रोगी कोणाचा, हे विचारायचे नाही. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. ज्या काळात त्याची सावलीही टाळली जात होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ईद होऊन आठवडाही उलटला नव्हता.

मुंबई इलाख्यात परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये आला. देशभरातील शिक्षणाचा दर्जा एकसारखा राहावा म्हणून १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि महाराष्ट्राचा परिचारिका कायदा १९६६ चा. नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि गैरवर्तन सिद्ध झाले तर नाव वगळले जाऊ शकते. १८९७ च्या साथरोग कायद्याने सेवा करणाऱ्याची दखल घ्यायला मात्र २०२० उजाडले. कोरोनाच्या वर्षात त्यात दुरुस्ती होऊन परिचारिका, डॉक्टर आणि आशा कार्यकर्त्यांवरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा झाला.

चंद्रपूरच्या मोठ्या रुग्णालयात चुकीवर बोट ठेवायला वरिष्ठ असतात, नातेवाईक असतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा पलीकडच्या गावातल्या सिस्टरला पाहायला कोणी नसते. रात्री आलेल्या बाळंतिणीची नाडी तिने खरोखर पाहिली की अंदाजाने आकडा लिहिला, तिची हकिकत चार घरांत सांगितली की स्वतःजवळ ठेवली, हे तिचे तिलाच माहीत. रोजेदारालाही बंद खोलीत पाण्याचा घोट अडवणारे कोणी नसते. नोंदणीचा कागद त्या सिस्टरला बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आणून पोहोचवतो. तिथून पुढे सावित्रीबाईंजवळ जे होते, तेच तिच्याजवळ लागते.