एम्प्रेस मिलचे जमशेटजी

नागपूरच्या गांधीसागर तलावाला जुने लोक जुम्मा तलाव किंवा शुक्रवार तलाव म्हणतात. दोन्ही नावांचा अर्थ एकच, हे तुम्हांला सांगायला नको. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या तलावाजवळ दलदल होती. मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याने ती जागा विकत घेतली आणि तेथे कापडाची गिरणी उभारायचे ठरवले. त्यांचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील मात्र मुंबईला येऊन व्यापारात शिरले. जमशेटजी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि वडिलांच्या पेढीत काम करू लागले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव खूप चढले होते. १८६५ साली युद्ध संपताच ते कोसळले व मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. जमशेटजी तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ज्यांचे पैसे देणे होते, त्यांच्यापुढे ते स्वतः जाऊन उभे राहिले आणि खरी परिस्थिती सांगितली. त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

पुढे त्यांनी इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या हिंडून पाहिल्या. त्या काळी आपल्याकडे गिरणी काढायची म्हणजे मुंबईतच, अशी समजूत होती. जमशेटजींनी वेगळा विचार केला. कापूस पिकतो वऱ्हाडात आणि वर्धा-हिंगणघाटच्या बाजूला. दगडी कोळसा वरोऱ्याला निघतो. मग गिरणी येथेच का नसावी? नागपूरला रेल्वे १८६७ सालीच आली होती. आपल्या मनीषनगरजवळून वर्ध्याकडे गाड्या जातात, तोच हा लोहमार्ग. एका सावकाराने मात्र या कामासाठी पैसे द्यायचे नाकारले. दलदलीत सोने पुरण्याचा हा प्रकार आहे, असे त्याचे मत होते. गिरणी चांगली चालू लागल्यावर त्यानेच आपली चूक कबूल केली, असे सांगतात.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस मिल’ पडले. सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग एवढी तिची सामग्री होती. पण सुरुवात काही सुखाची नव्हती. पहिली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली. ती बदलावी लागली. त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून कामगारांनी काम बंद ठेवले. हा आपल्या देशातील अगदी पहिल्या संपांपैकी एक समजला जातो. जमशेटजींच्या चरित्रात ही गोष्ट सहसा आढळत नाही, पण ती सांगितली पाहिजे. त्या काळात गिरणीचे काम दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले, आणि एम्प्रेसचा कामगारही सुखात होता असे म्हणता येणार नाही.

गिरणीचा कारभार जमशेटजींनी बेझनजी मेहता यांच्यावर सोपवला. बेझनजी पूर्वी रेल्वेत मालवाहतुकीच्या खात्यात होते. कापडाच्या धंद्याची त्यांना काहीच माहिती नव्हती! तरीही जमशेटजींनी त्यांची हुशारी ओळखली. हे काम बेझनजींनी पुढे कितीतरी वर्षे सांभाळले.

सर्वांत अवघड प्रश्न हजेरीचा होता. नागपूरच्या परिसरात कोष्टी, मोमीन, महार अशा विणकरांचा हातमागाचा धंदा जुना. घरच्या मागावर माणूस आपल्या सवडीने बसतो. शेतकरीही पेरणी-कापणी पाहून दिवस ठरवतो. अशा लोकांना भोंग्याबरोबर रोज कामावर येण्याची सवय कोठून असणार? गैरहजर राहिल्यास दंड करायचा, हा सोपा उपाय होता आणि पुष्कळ मालक तोच करीत. जमशेटजींनी इनामाचा मार्ग धरला. चांगले काम करणाऱ्यांसाठी इनाम वाटण्याचा समारंभ होऊ लागला. त्यात घड्याळे, दागिने, रोख रक्कम देत. सगळ्या गिरणीसमोर आपले नाव पुकारले जाते, ही गोष्ट मजुराला नवीन होती. मला वाटते, घड्याळापेक्षा तिचीच किंमत जास्त असावी.

पण इनाम थोड्यांनाच मिळते. बाकीच्यांचे काय? १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ साली कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्याची सोय झाली आणि १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी आला. अपघाताच्या भरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली झाला, म्हणजे एम्प्रेस मिल किती पुढे होती ते पाहा. गिरणीत हवा दमट ठेवण्याची व आग विझवण्याची यंत्रेही बसवली. दमट हवेत सूत कमी तुटते. याच काळात सूत कातण्याची ‘रिंग’ नावाची नवी चाती निघाली होती. तिच्यावर इंग्लंडच्या कारखानदारांचाच भरवसा नव्हता. जमशेटजींनी आधी थोड्या चात्या आणून नागपुरात चालवून पाहिल्या आणि फायदा दिसल्यावर मोठ्या प्रमाणावर बसवल्या.

गिरणीच्या पैशावर आणि अनुभवावर त्यांनी आणखी मोठे बेत आखले: पोलादाचा कारखाना, पाण्यापासून वीज आणि विज्ञानाची उच्च शिक्षणसंस्था. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले, तेवढेच त्यांना पाहायला मिळाले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचा मृत्यू झाला. उरलेली कामे त्यांचे मुलगे दोराबजी व रतनजी आणि सहकारी यांनी तडीस नेली. साकची या खेड्याजवळ पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्या गावाला १९१९ साली जमशेदपूर हे नाव मिळाले.

एम्प्रेस मिल १९८६ सालापर्यंत टाटांकडे होती. पुढे ती बंद पडली. तिच्या जागेवर आता एम्प्रेस मॉल उभा आहे.