खुराड्यातून आकाशाकडे : डॉ. सलीम अली यांचा जीवनप्रवास

भारतातील पक्षिशास्त्राचा विषय निघाला की डॉ. सलीम अली यांचे नाव आपसूक ओठांवर येते. जाडजूड ग्रंथ, पद्म पुरस्कार, त्यांच्या नावाची अभयारण्ये हे सारे सर्वश्रुत आहे. मात्र या थोर पक्षितज्ज्ञाचा पक्ष्यांशी पहिला परिचय घडला तो घरच्या खुराड्यातील तितर आणि लाव्यांमुळे. आज उपनगरांतील गच्चीवर वा अंगणात चार कोंबड्या पाळणाऱ्या, खिडकीत पाण्याचे भांडे ठेवून चिमण्यांची वाट पाहणाऱ्या मुंबईकराला त्यांचे आयुष्य म्हणूनच जवळचे वाटावे. एका हौसेने त्यांना घडवले आणि तिची पुरेपूर किंमतही वसूल केली.

खेतवाडीतील बालपण

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांतील ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. पोरक्या झालेल्या या मुलांचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी गिरगावातील खेतवाडीच्या घरात केला. या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. त्यांचे घर मात्र भाचेमंडळींनी भरलेले असे.

अमिरुद्दीन हे शिकारीचे शौकीन होते. त्या काळच्या सुखवस्तू घरांत शिकार हा प्रतिष्ठेचा खेळ मानला जाई आणि तितर, लावे हे पक्षी बाजारातून जिवंत विकत आणून मुदपाकखान्यात जात. त्यातले काही पक्षी छोटा सलीम मागून घेई आणि पाळी. पक्षी काय खातो, कसा झोपतो, भांडताना मान कशी ताठ करतो, याचे पहिले धडे त्याने या खुराड्यापाशी बसून घेतले. शाळेच्या सुटीत कुटुंबाचा मुक्काम चेंबूरला असे. तेव्हाचे चेंबूर म्हणजे झाडीने वेढलेले गाव. तेथे पहाटे ऐकलेले दयाळ पक्ष्याचे गाणे पुढे जन्मभर त्यांच्या स्मरणात राहिले.

मामांनी भेट दिलेली छर्‍यांची बंदूक हे त्या वयातील दुसरे वेड होते. १९०६-०७ च्या सुमारास घराच्या तबेल्यात चिमण्यांच्या एका जोडीने घरटे केले होते. बाहेर पहारा देणाऱ्या नराला सलीमने टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला. तोही टिपला गेला, पुन्हा नवा आला. सात दिवसांत असे आठ नर मारले गेले आणि त्या मुलाने ही हकिगत वहीत नोंदवून ठेवली. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा यावा अशी ही नोंद आहे. तरीही निरीक्षण आणि त्याची लेखी नोंद ही शास्त्राची दोन्ही अंगे तीत दिसतात. अनेक दशकांनंतर पक्षिनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात ती छापलीही गेली.

पिवळ्या कंठाची चिमणी

याच बंदुकीने एके दिवशी एक वेगळी चिमणी खाली पडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी खाण्यास धर्माने मुभा आहे की नाही, हा प्रश्न घेऊन मुलगा मामांकडे गेला. मामांनाही उत्तर देता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली.

सोसायटीचे कार्यालय त्या वेळी अपोलो स्ट्रीटवर, फिप्सन कंपनीच्या मद्यविक्रीच्या पेढीत होते. सचिवांच्या खुर्चीमागे ‘विल्यम’ नावाचा एक जिवंत महाधनेश पिंजऱ्यात ठेवलेला असे. १८९४ मध्ये पिल्लू म्हणून कारवारहून आलेला हा पक्षी १९२० पर्यंत तेथे जगला आणि पुढे संस्थेचे बोधचिन्ह ठरला. अशा खोलीत एक बुजरा भारतीय मुलगा कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन उभा राहिला.

मिलार्ड यांनी त्याला हसण्यावारी नेले नाही. ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगून त्यांनी कपाटांचे खण उघडले आणि पेंढा भरून जतन केलेले शेकडो पक्षी त्याच्यापुढे मांडले. वाचायला पुस्तके दिली. पक्ष्यांची कातडी सोलून ती टिकवण्याचे कसबही त्याला तेथेच शिकवण्याची व्यवस्था झाली. खुराड्यापुरते असलेले कुतूहल त्या दिवसापासून शास्त्राच्या वाटेला लागले.

पदवीविना वाटचाल

या वाटेवर भाकरीची सोय मात्र नव्हती. शिक्षणात सलीम यांचे मन फारसे रमले नाही. डोकेदुखीच्या विकारामुळे हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये धाडण्यात आले. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या वुलफ्रॅम खाणी आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. तेथेही हिशेबाच्या वह्यांपेक्षा भोवतालच्या जंगलाकडेच त्यांचे लक्ष अधिक असे.

१९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी दावर्स कॉलेजात वाणिज्य कायदा आणि हिशेबशास्त्राचा अभ्यास सुरू केला. सेंट झेवियर्समधील फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी आवड ओळखली आणि त्यांना प्राणिशास्त्राच्या वर्गात बसवून घेतले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षितज्ज्ञाचे पद हुकले. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविज्ञान विभागात दरमहा ३५० रुपये वेतनावर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोन वर्षांतच काचेच्या कपाटांपुढील या कामाचा त्यांना कंटाळा आला. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या नामवंत पक्षितज्ज्ञांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे तंत्र त्यांनी हेल्गोलँड बेटावर पाहिले.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी म्युझियममधील त्यांचे पदच रद्द झाले होते. तिशी उलटलेली, हाताशी नोकरी नाही आणि जे ज्ञान मिळवले त्याला बाजारात मोल नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

किहीमचे सुगरण

मुंबईतील खर्च परवडेना म्हणून सलीम आणि तेहमिना अलिबागजवळील किहीम येथे राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकारीचे ते दिवस सलीम यांनी या पक्ष्यांच्या नोंदी करण्यात घालवले.

सुगरणीचे घरटे मराठी माणसाला परके नाही. नाव स्त्रीलिंगी असले तरी विणकाम करतो तो नरच. तो घरटे अर्धवट विणून थांबतो. मग माद्या येतात आणि तपासणी करतात. एखादीने पसंती दिली की नर ते पूर्ण करतो. ती अंडी घालून उबवायला बसली की हा गृहस्थ दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीशी जोडी जमवतो. एकामागून एक अशा संसारांची ही रीत सलीम अली यांनी बारकाव्यांसह मांडली. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या लेखाने जाणकारांचे लक्ष वेधले. पिंजऱ्यातील सुगरण कितीही वर्षे पाळली असती तरी हे रहस्य उलगडले नसते. वसाहत मोकळी होती आणि पाहणारा चिकाटीचा होता, म्हणूनच ते शक्य झाले.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांच्या पक्षिसर्वेक्षणांची मालिका सुरू झाली. यातील अनेक मोहिमांत तेहमिना तंबूतला संसार सांभाळत त्यांच्यासोबत फिरल्या. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अली यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण कामू आणि मेहुणे हसन यांच्या वांद्रे येथील पाली हिलच्या घरी ते राहू लागले. हे उपनगरच पुढे त्यांचा कायमचा मुक्काम ठरले.

ग्रंथ, सन्मान आणि वाद

१९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले. ठळक चित्रे आणि सोपी माहिती यांमुळे पक्षिनिरीक्षण हा साहेबांचा छंद मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. सिडनी डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडी ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. पदवीअभावी नोकरी नाकारल्या गेलेल्या या माणसाला विद्यापीठांनी पुढे मानद डॉक्टरेट दिल्या. १९७६ मधील पॉल गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी सोसायटीला दिले. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही ती जुनी चिमणी आहेच.

त्यांचा प्रत्येक आग्रह मात्र काळाच्या कसोटीला उतरला नाही. भरतपूरचे पाणथळ क्षेत्र शेतीखाली जाऊ नये यासाठी ते झटले. पुढे तेथील गुराचराईवर बंदी असावी, या भूमिकेलाही त्यांचा पाठिंबा होता. १९८२ मध्ये ही बंदी आली. त्यावरून उसळलेल्या संघर्षात गोळीबार होऊन काही ग्रामस्थांचे प्राण गेले. त्यांच्याच सोसायटीने केलेल्या दीर्घ अभ्यासातून नंतर निष्पन्न झाले की, म्हशींचे चरणे थांबल्याने गवत माजले, पाणी कोंडले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. गावकरी, गुरे आणि पाखरे यांचे नाते बाहेरून दिसते त्याहून गुंतागुंतीचे असते, हा त्यातील धडा होता. भरपूर नोंदी करा आणि मगच निष्कर्ष काढा, या त्यांच्या शिकवणीनेच त्यांच्या मताची दुरुस्ती केली.

उपनगरांतील वारसा

२० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी डॉ. सलीम अली यांचे मुंबईत निधन झाले. १९९० मध्ये कोइमतूर येथे त्यांच्या नावाने पक्षिविज्ञान केंद्र उभे राहिले. केरळातील थट्टेकड आणि गोव्यातील चोडण येथील पक्षी अभयारण्यांना त्यांचे नाव आहे.

मुंबईच्या उपनगरांत त्यांची स्मृती वेगळ्या रीतीने टिकून आहे. गोरेगावला चित्रनगरीशेजारी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. भांडुप-मुलुंडच्या पूर्वेकडील ठाणे खाडीत हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ही खाडी २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत दाखल झाली. कच्छच्या रणातील रोहितांची प्रचंड वीण वसाहत सलीम अली यांनी १९४५ मध्ये पाहून नोंदवली होती.

त्यांच्या लहानपणी तितर किंवा लावा पाळणे हा निर्दोष छंद होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तितर, पोपट, मुनिया असे देशी रानपक्षी पकडणे वा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. कोंबड्या पाळण्याची हौस असलेल्यांना त्याची आडकाठी नाही. रानपाखरांच्या ओढीसाठी मात्र एक वही, एक दुर्बीण आणि पहाटे उठण्याची तयारी एवढे साहित्य पुरते. खेतवाडीच्या त्या मुलापाशी तर सुरुवातीला दुर्बीणही नव्हती.