वाल्देमार हाफकिन यांचे अल्प चरित्र

आपल्या कौंडण्यपुरास रुक्मिणीचे माहेर म्हणतात. येथून दरसाल आषाढीकरिता पंढरीस पालखी जाते, आणि कार्तिकात वर्धेच्या काठी यात्रा भरते. आज यात्रेकरू निर्धास्तपणे घरी परततात. परंतु एके काळी यात्रेच्या मागोमाग पटकी येत असे, आणि प्लेगाच्या दिवसांत तर लोक राहती घरे सोडून शेतांत झोपड्या बांधून राहत. ह्या दोन्ही रोगांवर लस तयार करून ती आपल्या देशात टोचणारे गृहस्थ वाल्देमार हाफकिन हे होत.

गेल्या वर्षी एका हुशार विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले होते. मुलास सूक्ष्मदर्शक यंत्राचे वेड. परंतु आपल्यासारख्या मूठभर समाजाच्या मुलास मोठ्या प्रयोगशाळेत कोण विचारतो, त्याने लवकर नोकरीस लागावे हे बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. ते आज लिहीत आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा ह्या शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. त्या काळी तेथे रशियाच्या झारचे राज्य होते व यहुद्यांस पदोपदी अडथळे होते. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांस मेचनिकॉफ यांच्यासारखे थोर प्राणिशास्त्रज्ञ गुरू लाभले. १८८१ साली शहरात यहुद्यांवर दंगलखोर चालून आले, तेव्हा हा तरुण आपल्या लोकांच्या रक्षणास उभा राहिला. मार खाल्ला तो त्यानेच, आणि अटकही त्यासच झाली! गुरूंच्या साहाय्याने सुटका झाली. पुढे अध्यापकाच्या जागेची वेळ आली तेव्हा अट अशी पडली, की राज्याचा धर्म स्वीकारावा. त्यांनी नकार दिला. ह्या नकाराची किंमत त्यांस पुढे अनेक वर्षे द्यावी लागली.

काही काळ प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात काम करून ते १८८८ साली जिनिव्हास गेले, व पुढल्या वर्षी पॅरिसला. तेथे लुई पाश्चर यांच्या संस्थेत मेचनिकॉफ आधीच पोहोचले होते. परंतु जागा रिकामी होती ती केवळ ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. पुस्तके सांभाळावयाची आणि उरलेल्या वेळात पटकीचे जंतू वाढवावयाचे, असा त्यांचा क्रम असे. १८ जुलै १८९२ रोजी आपण तयार केलेली लस त्यांनी प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले आणि दोन-सव्वादोन वर्षांत सुमारे ४२,००० लोकांस त्यांनी ती लस टोचली.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग फैलावला. सरकारने हाफकिन यांस तेथे पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक ओसरी, एक कारकून व तीन शिपाई, एवढाच त्यांचा सरंजाम. मांसाच्या रसात ते प्लेगाचे जंतू वाढवीत व वर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या खालून जंतूंचे धागे लोंबू लागत. मग उष्णतेने जंतू मारून लस सिद्ध होई. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून तो रस बोकडाच्या मांसाचा असे. मला हा बारकावा फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या धर्मासाठी ज्याने सोसले होते, त्यास दुसऱ्याच्या धर्माची जाण होती. १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा त्यांनी पहिली सुई स्वतःस टोचून घेतली. लागलीच भायखळ्याच्या तुरुंगात रोग शिरला. तेथे राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस लस दिली, तेव्हा त्यांच्यात रोगाचे प्रमाण इतरांहून पुष्कळच कमी आढळले. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी चारचौघांत लस घेतली व प्रयोगशाळेस आपला बंगलाही दिला. १८९९ साली ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली.

येथवर सर्व सुरळीत होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस लस टोचली, त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, आणि हाफकिन यांस पद सोडावे लागले. वास्तविक त्या बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध केला गेला नव्हता. हे सर्वमान्य होण्यास पाच वर्षे लागली. रोनाल्ड रॉस प्रभृती दहा नामांकित शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रातून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे ते निर्दोष ठरले. तरीही परळची गादी त्यांस परत मिळाली नाही. ते कलकत्त्यास रुजू झाले व १९१४ पर्यंत तेथे राहिले. ह्यास पूर्ण न्याय म्हणवत नाही, आणि मुलांपासून ही गोष्ट लपवावी असेही मला वाटत नाही.

पालकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हाफकिन हे वैद्य नव्हते, प्राणिशास्त्राचे पदवीधर होते. वैद्यकाची पदवी नाही म्हणून कित्येक डॉक्टरांनी त्यांजकडे पाहून नाक मुरडले. रोगसंशोधनाची वाट वैद्यकीय महाविद्यालयातून जाते, तशीच साध्या विज्ञान शाखेतूनही जाते. जीवशास्त्र वा रसायनशास्त्र घेऊन पदवी व पुढील शिक्षण झालेले लोक परळच्या व पुण्याच्या विषाणुसंस्थेच्या प्रयोगशाळांत काम करतात. वैद्यकाच्या शिक्षणाचा खर्च झेपत नाही, म्हणून मुलाचे सूक्ष्मदर्शक पेटीत बंद करण्याचे कारण नाही.

१८९७ ते १९२५ ह्या काळात मुंबईहून प्लेगाच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा बाहेर गेल्या. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले, आणि ते आजही आहे. स्वतः हाफकिन त्या वेळी युरोपात एकांतात राहत होते. त्यांनी विवाह केला नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी पाठशाळांकरिता ठेवली होती.

हा अंक छापून आला की त्या विद्यार्थ्याच्या घरी मी स्वतः नेऊन देणार आहे.