धनंजयराव गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल, १९०१ - ३ मे, १९७१) हे मराठी अर्थशास्त्रज्ञ, सहकार चळवळीचे मार्गदर्शक व भारताच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. केंद्राच्या योजना-साहाय्याची राज्यांमध्ये वाटणी करणारे 'गाडगीळ सूत्र' त्यांच्या नावाने ओळखले जाते.

== जीवन ==
गाडगीळांचा जन्म नाशिक येथे झाला. त्यांचे शिक्षण नागपूर व केंब्रिज येथे झाले. भारताच्या औद्योगिक विकासावरील त्यांचा केंब्रिजमधील प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सुरत येथे प्राचार्यपद सांभाळल्यावर १९३० साली ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले व १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. प्रत्यक्ष पाहणीवाचून धोरण सुचवू नये, ही शिस्त त्यांनी संस्थेत रुजवली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचे त्यांनी अर्थशास्त्रीय समर्थन केले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र होत.

== सहकार व ग्रामीण पतपुरवठा ==
विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाडगीळ पहिले अध्यक्ष होते. ऊस पिकवणारा शेतकरीच कारखान्याचा मालक व्हावा, हा विचार तेथे प्रत्यक्षात आला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचेही ते सदस्य होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी जेमतेम ३ टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून मिळते, बहुतेक सावकारांकडून येते, असे या पाहणीत आढळले. समितीच्या शिफारशींतूनच १९५५ साली इंपीरियल बँकेची भारतीय स्टेट बँक झाली.

== नियोजन आयोग ==
१९६७ साली ते आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोपर्यंत राज्यांना मिळणारे साहाय्य बहुतांशी योजनानिहाय व केंद्राच्या मर्जीनुसार ठरत असे. १९६९ साली स्वीकारलेल्या सूत्राने त्याला नियमाची चौकट दिली. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी भागवून उर्वरित रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटायचे ठरले. दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांचे विशेष प्रश्न यांना प्रत्येकी १० टक्के वाटा मिळाला. दरडोई उत्पन्नाचा निकष राष्ट्रीय सरासरीपेक्षा मागे असलेल्या राज्यांसाठीच होता. मात्र लोकसंख्येला इतके प्राधान्य दिल्याने गरीब राज्यांना पुरेसा न्याय मिळत नाही, अशी टीका झाली व पुढे सूत्रात बदल करण्यात आले. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हावार जबाबदारी घ्यावी असे सुचवले. त्यातून अग्रणी बँक योजना आली.

१९७१ साली त्यांनी उपाध्यक्षपद सोडले. त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.